सोलांच्या बरणीतला गाव

धोंडूकाका चोपडेकर समुद्राच्या बाजूला बोलले तर खाडीच्या बाजूला ऐकू जातं. यात मी तिखटमीठ लावलेलं नाही. देवबाग म्हणजे एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाडी आणि मध्ये वाळूची पट्टी, तिची रुंदी ती किती असणार. मी मूळची कणकवलीची. लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिल्याच सकाळी बाहेर कोणाचं तरी कडाक्याचं भांडण लागलंय म्हणून घाबरून अंगणात पळाले, तर शेजारचे धोंडूकाका बायकोला चहा झाला का असं विचारत होते.

काकांनी जन्मभर रापण ओढली. होडीतून समुद्रात लांबच्या लांब जाळं टाकायचं आणि मग किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी माणसांनी ते ओढत आणायचं, ही रापण. ओढणाऱ्यांचा दम एका तालात राहावा म्हणून कोणीतरी ओरडावं लागतं, ते काम काकांचं. आता गुडघे गेले, होडी गेली, आवाज तेवढा शाबूत राहिला. त्या आवाजाचं करायचं काय, हा काकांच्या म्हातारपणातला सगळ्यात मोठा प्रश्न होता. उत्तर त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं, पण ते त्यांच्या हातात नव्हतं. त्यांना गाऱ्हाणं घालायचं होतं.

आमच्याकडे जत्रा असो, होळी असो की नवी होडी पाण्यात लोटायची असो, गाऱ्हाण्याशिवाय पान हलत नाही. एकाने देवापुढे उभं राहून साऱ्या गावाच्या वतीने साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी हात जोडून प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. पण उठला आणि बोलला असं चालत नाही. तो मान एका घराचा असतो. आमच्या वाडीत तो काकांच्या थोरल्या चुलतभावाच्या घराचा, म्हणजे भाईंचा. भाईंचा आवाज असा की पहिल्या ओळीतल्या माणसालाही कान टवकारावे लागतात. मागे उभे असलेले धोंडूकाका मात्र ‘व्हय म्हाराजा’ इतक्या जोरात म्हणतात की भाईंचं पुढचं वाक्य त्यात बुडून जातं. एका जत्रेत भाईंनी “गावात रोगराई...” एवढंच म्हटलं आणि श्वास घ्यायला थांबले, तेवढ्यात काकांनी “व्हय म्हाराजा!” ठोकून दिलं. ‘येऊ देऊ नको’ राहिलं बाजूलाच. त्या वर्षी अख्ख्या वाडीला डोळे आले, आणि भाई अजून काकांकडे बोट दाखवतात.

प्रत्येक जत्रेनंतर काका तोंड पाडून घरी येत. “माका एकदा उभो करा आणि बगा,” असं ते सुगंधाकाकीला सांगत, आणि काकी “आदी जेवूक बसा,” म्हणत. एकदा विहिरीवरचा पंप चालू होईना म्हणून काकांनी त्याच्यापुढे हात जोडून गाऱ्हाणं घातलं. दुर्दैवाने तो चालू झाला. तेव्हापासून काकीने घरात कसल्याही वस्तूपुढे उभं राहून बोलायला बंदी घातली होती.

अशा माणसाला नम्रताने टेरेरियम दाखवलं. चूक तिची नाही, तिला काय माहीत.

नम्रता पुण्याची मुलगी. दिवाळीनंतर आमच्या होमस्टेला आली आणि नेमका वारा सुटला. माझ्या नवऱ्याची, जितेंद्रची, डॉल्फिन दाखवायची बोट बंद, पाण्यातले खेळ बंद. बिचारीने कंटाळून माझ्या एका काचेच्या पेल्यात माती, शेवाळ आणि इवलंसं नेचाचं रोप लावून वरून प्लास्टिकचा कागद ताणून बसवला. काका कुंपणापलीकडून बघत होते.

“ह्या काय गो चेडवा?”

“टेरेरियम, काका. बंद काचेतलं छोटंसं जंगल. एकदा झाकण लावलं की उघडायचं नाही. आतलंच पाणी वाफ होऊन वर जातं आणि परत खाली पडतं. माती, झाडं, किडे सगळे आपापलं बघून घेतात.”

काका बराच वेळ पेल्याकडे बघत राहिले. “म्हणजे गाव,” ते म्हणाले.

“तसंच म्हणा ना,” नम्रता हसत म्हणाली.

संध्याकाळपर्यंत काकीची कोकमाच्या सोलांची मोठी काचेची बरणी ओट्यावर रिकामी उभी होती आणि सोलं सुपात पसरली होती. काकी माझ्याकडे तक्रार घेऊन आली. “संचिता, माजी बरणी घेतल्यानी गो! जंगल करतत म्हणे. भायर येवढा रान वाढलाहा, ता साफ करूक हेंचे गुडघे दुखतत!”

मला काकीची दया आली, पण बरणी बघायला मीच आधी धावले हेही खरं.

काका कामाला लागले की नीट लागतात. तळाला खाडीकडचे बारीक खडे, त्यावर करवंट्यांचा कोळसा कुटून, त्यावर माती खाली झिरपू नये म्हणून नारळाच्या सोडणाच्या काथ्याचा थर. मग मातीपाशी येऊन गाडं अडलं, कारण देवबागात जिकडे बघाल तिकडे वाळू. काकीचं माहेर कसालला. काका एसटीने कसालला गेले, मेव्हण्याच्या काजूच्या बागेतली पालापाचोळ्याची काळी माती पिशवीत भरून मांडीवर घेऊन आले आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला ती दाखवली. शेवाळ विहिरीच्या कठड्यावरचं, नेचा कुंपणाच्या गडग्यातल्या चिऱ्यांच्या फटीतला. एक बोटाच्या पेराएवढी गोगलगाय आणि हात लावला की गुंडाळी करून बसणारा एक पैसा किडा, एवढी वस्ती काकांनी हाताने आत सोडली. मातीबरोबर आपणहून आले ते सुईच्या टोकाएवढे पांढरे किडे. ते टुणटुण उड्या मारत होते. मला किळस आली. नम्रता मात्र खूश झाली आणि म्हणाली, हे असू द्या, हेच आतली साफसफाई करतात.

“गोगलगाय पाटील,” काकांनी तिथल्या तिथे मान वाटून टाकले. “पैसो पुजारी. आणि ही बारीक सगळी रयत.”

मग झाकण घट्ट लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काचेला आतून थेंब आले आणि एक थेंब ओघळून शेवाळावर पडला. काकांनी जी आरोळी ठोकली तिने खाडीवरचे बगळे उडाले. “पाऊस पडलो! माज्या गावात पाऊस पडलो!”

नम्रता पुण्याला गेली. काका सकाळी उठून आधी पडवीत ठेवलेल्या बरणीपुढे बसू लागले. आणि असंच एकदा बसल्याबसल्या त्यांच्या डोक्यात ते आलं. मी तेव्हा आमच्या अंगणात पाहुण्यांच्या चादरी वाळत घालत होते. काका ताडकन उठले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “संचिता, ह्या गावात पयलो माणूस कोण? मी. मगे मान कोणाचो?”

मी काही बोलायच्या आत त्यांनी पंचा खांद्यावर टाकला, हात जोडले आणि सुरू केलं. “बा देवा म्हाराजा! आज ह्या काचेच्या गावात, कसालच्या मातयेत, देवबागच्या पाण्यात जी काय तुजी लेकरां ऱ्हवतत, तेंका सुखात ठेव रे म्हाराजा!”

आणि थांबले.

‘व्हय म्हाराजा’ म्हणायला कोणीच नव्हतं. काकी आत मासे कापत होती. मी चादरीच्या मागे लपले. बरणीतल्या रयतेकडून काही अपेक्षा नव्हती. काकांनी जरा वाट पाहिली, घसा खाकरला आणि पुढचं वाक्य घेतलं, पण तो जोर काही राहिला नाही. उत्तर न मिळालेलं गाऱ्हाणं फार केविलवाणं वाटतं. तरी काका रोज घालायचे. रोज वाक्याच्या शेवटी थांबायचे, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचे आणि आतून काकीचा भांडी आदळण्याचा आवाज यायचा.

एकदा आमच्याकडच्या पाहुण्यांनी हौसेने ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. काका खुलले, पण मग बघतात तर त्यांच्यातला एकजण मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. काका पंचा झटकून आत निघून गेले. “माका सर्कशीतलो समाजले,” एवढंच मला नंतर म्हणाले. मला फार वाईट वाटलं आणि त्या पाहुण्यांना मी दुपारी सोलकढी दिली नाही.

ही बातमी भाईंपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. भाई काठी टेकत आले, पडवीत बसले, चष्मा पुसला आणि बरणीकडे एखाद्या वादातल्या जमिनीकडे बघावं तसं बघितलं.

“धोंडू, गाव केलंस ता बरा केलंस. पण हेचो राखणदार कोण?”

काकांचा चेहरा पडला. आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. दिसत नाही, पण जागा सांभाळतो, आणि वर्षाकाठी त्याची राखण द्यावी लागते, म्हणजे कोंबडा, नारळ, जे काय ठरलेलं असेल ते. नव्या जागेत घर बांधलं की आधी त्याला विचारायचं. काकांनी सगळं केलं आणि नेमकं हेच विसरले.

मग जी चर्चा झाली ती मी त्यांच्या पायरीवर बसून भाजी चिरता चिरता पूर्ण ऐकली. माती कसालची, तेव्हा राखणदार कसालचा, असं काकीचं म्हणणं. बरणी देवबागच्या पडवीत, तेव्हा राखणदार देवबागचा, असं भाईंचं. काकांचं मत असं की मातीबरोबर कसालचा आला असणार, पण आता तो इथे राहायला आला म्हणून इथलाच.

“आमचो कसालचो राखणदार कोंबो घेता,” काकीने माहेरची बाजू उचलून धरली. बरणीवर रागावलेली काकी माहेरचा विषय निघाल्याबरोबर बरणीच्या बाजूने कधी झाली ते तिलाही कळलं नाही.

“बरणीत कोंबो खंयसून घालतलंस?” भाईंनी विचारलं.

“मगे अंडा.”

“तेच्या तोंडातसून अंडा जायत, पण गोगलगायेच्या अंगार पडात,” काका बरणीच्या तोंडाचं माप घेत म्हणाले. पाटील मेले तर गाव कोण चालवणार, हे सगळ्यांना पटलं.

शेवटी भाईंनी निवाडा दिला. गाव लहान, तर राखणही लहान. एक गोलमो ठेवायचा. गोलमो म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी. काकीने नाक मुरडलं. “माज्या माहेरच्या राखणदाराक सुको गोलमो?” पण डब्यातला त्यातल्या त्यात मोठा तिनेच निवडून दिला.

मी मध्ये तोंड घातलं. “काका, नम्रतान झाकण उघडूक नको म्हणून सांगितलेला.”

“ता चेडू पुण्याचा,” भाई म्हणाले. “तेका राखणदार काय म्हायत?”

झाकण उघडलं, गोलमो शेवाळावर ठेवला, झाकण लागलं. भाई समाधानाने चहा पिऊन गेले.

दोन-तीन दिवसांत गोलम्याला मिशा फुटल्या. पांढऱ्या, मऊ, कापसासारख्या. मग तो कापूस शेवाळावर पसरला, तिथून नेचाच्या देठावर चढला. काच आतून धुरकट झाली. गोगलगाय झाकणाखाली जाऊन चिकटून बसली, ती हलेना. पुजारी तर दिसेनासाच झाला.

भाई येऊन बघून गेले. जाताना दारात वळून म्हणाले, “मान नसलेल्या माणसान गाऱ्हाणा घातला की असा होता.”

हे भाई रागाने बोलले नाहीत. त्यांना खरंच तसं वाटत होतं आणि म्हणूनच ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या घरून आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. काकांनी चहा इतक्या हळू मागितला म्हणे, की काकीने कपाळाला हात लावून ताप बघितला. वाडीतले लोक मला येऊन विचारू लागले, धोंडू खंय गेलो? गेले नव्हते कुठे. बरणीपुढे बसून होते.

मी नम्रताला फोन लावून कॅमेऱ्यातून बरणी दाखवली. तिने आधी विचारलं की आत हे काय आहे. मी सांगितलं, राखणदाराचं जेवण. तिने मला फोन आणखी जवळ न्यायला लावला. मग म्हणाली, “बुरशी आहे ती. येतेच. ते पांढरे किडे आहेत ना अजून? तेच बुरशी खातात. काकांना सांगा, काहीही करायचं नाही. उघडायचं नाही, काढायचं नाही, पाणी घालायचं नाही. नुसतं बघायचं.”

काहीही करायचं नाही! असं काकांना सांगणं म्हणजे मोठं संकट. दिवसातून कितीदा तरी त्यांचा हात झाकणाकडे जायचा. आणि इथे काकीने कमाल केली. तिने मासे कापायची विळी उचलून पडवीत आणली आणि बरणीच्या शेजारी बसून बांगडे साफ करायला लागली. “झाकणाक हात लावलास तर बगा,” ती म्हणाली. “माज्या माहेरची माती आसा ती.” सोलांच्या बरणीचं नाव तिने परत काढलं नाही. मांजरं मात्र पडवीत मुक्कामाला आली.

रोज सकाळी भाईही यायचे. एकदा कोयता मागायला आले, एकदा तोच कोयता परत करायला, एकदा आपला चष्मा इथे राहिला का ते विचारायला, आणि चष्मा त्यांच्या नाकावर होता. प्रत्येक वेळी जाता जाता बरणीत डोकावायचे.

आणि रयत कामाला लागली. आधी गोलम्याच्या कडेला पांढरे ठिपके दिसू लागले, मग ठिपक्यांची दाटी झाली, मग सगळीकडे टुणटुण. इतकी की काकी म्हणाली, जत्रेक लोक जमले. कापूस विरळ झाला. देठ मोकळे झाले. गोलम्याचं नुसतं पारदर्शक टरफल उरलं. एका सकाळी गोगलगाय झाकणाखालून उतरली आणि काचेवरून ओली रेघ ओढत खाली गेली. पुजारी काथ्याच्या थरातून वर आला, इकडेतिकडे मिशा हलवून परत आत गेला. नेचाच्या मध्यातून एक नवं पान वर येत होतं, अजून गुंडाळलेलं.

काकीने हाक मारली आणि मी चटणीचा हात तसाच घेऊन पळत गेले. काकी विळीवरून उठली. काका उकिडवे बसले होते, त्यांचे डोळे भरून आले होते आणि गुडघे दुखत असल्यामुळे त्यांना उठताही येत नव्हतं. तेवढ्यात भाई आले. या वेळी त्यांना कोयता नको होता. त्यांनी वाकून नवं पान बघितलं, पाटील बघितले, रयत बघितली.

“संकट टळला,” भाई शेवटी म्हणाले. “गाऱ्हाणा घालूक व्हया.”

काकांनी खांद्यावरचा पंचा काढला. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं नमतं घेताना पाहिलं नव्हतं. “घाला, भाई. मान तुमचो.”

भाईंनी काठीचं टोक बरणीकडे केलं. मग म्हणाले, “हय माजो मान खंय इलो रे? माका त्या गोगलगायेचा नावसुद्धा म्हायत नाय. ह्यो गाव तुजो. उठ.”

मी आणि काकीने धरून काकांना उभं केलं. काकांनी पंचा परत खांद्यावर टाकला, हात जोडले. छाती भरून श्वास घेतला. “बा देवा म्हाराजा! आज ह्या काचेच्या गावावर जा संकट इला, ता माज्या चुकीन इला. पण तुज्या बारक्या लेकरांनी ता खावन टाकल्यानी. तेंका अशीच भूक दी रे म्हाराजा!”

आणि सवयीने थांबले. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला मान वळवली, पण काकी तर त्यांच्या शेजारीच होती. मी तोंड उघडलं, पण भाई उभे असताना मी कशी आधी बोलू, म्हणून मिटलं. काकीचंही तेच झालं असावं.

तेव्हा भाईंनी काठी भिंतीला लावली. जन्मात त्यांनी हे कधी म्हटलं नव्हतं, ते नेहमी पुढे उभे असायचे. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि आपल्या त्या बारीक, कान टवकारून ऐकावा लागणाऱ्या आवाजात म्हणाले, “व्हय म्हाराजा.”

काका ऐकतच राहिले. सगळं आयुष्य मनात घोकलेली वाक्यं, जत्रेजत्रेला साठवलेली, काकीला आणि पंपाला ऐकवलेली, त्यातलं एकही आठवेना.

आम्ही तिघं हात जोडून बरणीपुढे थांबलो होतो.

“बोल रे फुडे, धोंडू,” भाई हळूच म्हणाले. “आयकतंय मी.”